शुगरच्या दवाखान्यातच डोळ्याच्या पडद्याची एआय तपासणी: आईला नेलं त्याचा पूर्ण अनुभव

मागच्या महिन्यात आईला तिच्या शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला, तिथे आता डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून एआयनं तपासायची मशीन लावली आहे. तीनशे रुपये घेतात, थेंब टाकत नाहीत, रिपोर्ट तिथेच मिळतो. क्लिनिकचं नाव टाकत नाही, कारण दोन-तीन गोष्टींवर माझी तक्रार आहे आणि ती मी तिथे समोरासमोर सांगून झाली आहे, उगाच नाव खराब करायचं नाही मला. पण अशा मशीन आता आपल्याकडे हळूहळू येऊन राहिल्या आहेत, आणि ज्यांच्या घरी शुगरचा पेशंट आहे त्यांना हे कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो, लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी बाबांचं सांगावं लागेल, नाहीतर मी या तीनशे रुपयांच्या फोटोबद्दल एवढं काऊन लिहून राहिलो ते समजणार नाही.

बाबांना पंधरा-सोळा वर्षांपासून शुगर. दर वर्षी दिवाळी झाली की धंतोलीत जाऊन डोळे दाखवायचे, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून, अर्धा दिवस जायचा पण चुकवत नव्हते. २०१९ ची दिवाळी शेवटची. २०२० च्या मार्चमध्ये, ११ तारखेला, नागपुरात पहिला कोरोना पेशंट निघाला, मग लॉकडाऊन, आणि त्या वर्षी डोळ्याचं नाव कोणी काढलं नाही. काढणार तरी कसं, डोळ्याच्या तपासणीत डॉक्टर आणि पेशंट एकमेकांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर बसतात, श्वास श्वासाला लागतो. वुहानमध्ये ज्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सहकाऱ्यांना सावध केलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये स्वतःच कोरोनानं गेले ते ली वेनलियांग डोळ्याचेच डॉक्टर होते. आपल्याकडच्या दवाखान्यांमध्येही नंतर त्या तपासायच्या मशीनला मध्ये प्लास्टिकचा पडदा लावलेला असायचा, आठवत असेल कोणाकोणाला.

तेव्हा फोनवरून सल्ला घ्यायची सोय झाली होती, २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, म्हणजे देशभर लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. मी पण बाबांच्या डोळ्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांना पाठवला होता, डोळा लाल झाला होता म्हणून, त्यांनी थेंब लिहून दिले, दोन दिवसांत बरा झाला आणि आम्हाला वाटलं चला डोळे पण बघून झाले. ही आमची सगळ्यात मोठी चूक. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात डोळ्याचा फक्त पुढचा भाग दिसते. शुगर जिथं नुकसान करते तो पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीवर असतो, तो दिसायला बाहुलीतून आत बघणारा खास कॅमेरा लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग २०२१ चा एप्रिल. त्याबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. बाबा नऊ दिवस भरती होते, स्टेरॉइड चालू होतं, शुगर चारशेच्या वर. घरी आणल्यावर म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची भीती. मे महिन्यात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, म्युकरचे वॉर्ड भरलेले, कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा, इंजेक्शन मिळत नव्हतं, शेवटी वर्ध्यातच ते इंजेक्शन, अॅम्फोटेरिसिन-बी, बनायला लागलं तेव्हा बातमी वाचून आई देवासमोर बसली होती. आम्ही रोज सकाळी टॉर्च घेऊन बाबांचा टाळू बघायचो, काळा डाग तर नाही, गालावर सूज तर नाही. म्युकर झालं नाही. आम्ही सुटलो असं समजलो. सगळं लक्ष त्या काळ्या बुरशीवर होतं आणि पडदा आतून खराब होऊन राहिला होता ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत बाबा म्हणाले, "डोळ्यापुढं काळ्या दोऱ्या तरंगून राहिल्या रे." डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. लेझर झालं, ऑपरेशन झालं, डावा डोळा वाचला, उजव्यानं आता समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येतात. पडद्याच्या डॉक्टरांनी रागावून नाही, शांतपणे सांगितलं की दीड-दोन वर्षं आधी दिसलं असतं तर बहुतेक लेझरवर भागलं असतं. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

आणि आता आई. तिला नऊ वर्षांपासून शुगर आहे आणि बाबांचं सगळं डोळ्यासमोर घडूनही ती डोळे दाखवायला तयार नव्हती. "मले चांगलं दिसते, सुईत दोरा ओवते मी." खरंच ओवते. हाच तर त्रास आहे या आजाराचा, सुरुवातीला काहीच कळत नाही, दुखत नाही, लाल होत नाही, नंबर वाढत नाही, आणि दिसायला कमी झालं तेव्हा गाडी बरीच पुढे निघून गेलेली असते. दुसरं कारण म्हणजे ते थेंब. टाकल्यावर चार-पाच तास सगळं धूसर, नागपूरच्या उन्हात बाहेर निघालं की डोळे उघडत नाहीत, स्वयंपाक करता येत नाही, घरी बाबांना तिच्याशिवाय चालत नाही. दोन वर्षं टाळलं तिनं.

म्हणून ही मशीन शुगरच्या दवाखान्यात असणं हीच माझ्या मते या सेवेची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आई तिथे दर तीन महिन्यांनी जातेच. उपाशी पोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता करायचा, मग दोन तासांनी परत रक्त, ते मधले दोन तास माणूस नुसता बाकावर बसून असते. त्या दोन तासांत फोटो होऊन जाते! वेगळी अपॉइंटमेंट नाही, वेगळी सुट्टी नाही, आईला समजवावं पण लागलं नाही, तिथली ताई म्हणाली "काकू, बसल्याच आहात तर फोटो काढून घेऊ" आणि आई उठली. मी दोन वर्षं जे करू शकलो नाही ते त्या ताईनं एका वाक्यात केलं.

आता प्रत्यक्ष कसं होते ते सांगतो. एक छोटी खोली, खिडकीला काळा पडदा, टेबलावर स्टँड, त्यावर फोनसारखाच स्क्रीन असलेला कॅमेरा, हनुवटी ठेवायची जागा. आधी पाच मिनिटं अंधारात बसवतात, कारण थेंब टाकायचे नसल्यामुळे बाहुली आपोआप मोठी व्हावी लागते. मग "आतल्या ठिपक्याकडे बघा काकू, हलू नका", आणि लखकन उजेड. प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो, एक पडद्याच्या मधल्या भागाचा, एक जिथून डोळ्याची नस निघते तिथला. डावा डोळा पहिल्याच झटक्यात झाला. उजव्याला मशीननंच सांगितलं की फोटो बरोबर नाही, परत काढा. परत काढला, परत तेच. आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू थोडा सुरू झाला आहे, त्यामुळे आतला फोटो धूसर येत होता. ताईनं परत पाच मिनिटं अंधारात बसवलं, तिसऱ्यांदा आला. इथे त्या मुलीला पूर्ण मार्क, एकदाही चिडली नाही, मागे चार जण थांबले होते तरी.

ही फोटो नापास व्हायची गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती सगळीकडे होते. थायलंडमध्ये गुगलनं अशीच मशीन ११ सरकारी दवाखान्यांत लावून बघितली होती, २०२० मध्ये त्याचा अभ्यास बाहेर आला, त्यात पहिल्या सहा महिन्यांत २१ टक्के फोटो मशीननं घेतलेच नाहीत, दर्जा कमी म्हणून. खोलीत अंधार पुरेसा नाही, इंटरनेट हळू, नर्सच्या मागे रांग, आणि फोटो नापास झाला की पेशंटला उगाच दुसऱ्या दवाखान्यात पाठवा. म्हणजे मशीन हुशार असून भागत नाही, खोलीला काळा पडदा लागते आणि न चिडणारी ताई लागते. या क्लिनिकमध्ये दोन्ही आहे. आणि यांची मशीन इंटरनेटशिवाय तिथल्या तिथेच तपासते, वायफाय बंद पडलं होतं त्या दिवशी तरी रिपोर्ट आला.

रिपोर्ट यायला मिनिटभर पण नाही लागला. उजवा डोळा ठीक, डाव्याला "रेफर", म्हणजे पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा.

ताईनं स्क्रीन आईकडे वळवली. केशरी रंगाचा गोल, त्यात लाल रेघा म्हणजे रक्तवाहिन्या, आणि मधूनमधून बारीक लाल ठिपके, एका जागी पिवळसर दाणे, त्या भागावर मशीननं रंग टाकून दाखवलं होतं की मी इथे बघून हे म्हणून राहिली. ताईनं सांगितलं की लाल ठिपके म्हणजे बारीक नळ्यांना आलेले फुगे आणि थोडं सांडलेलं रक्त, पिवळे दाणे म्हणजे नळीतून झिरपलेली चरबी. आई बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुझ्या बाबाचा पण असाच होता का?" मी हो म्हणलं. त्या दिवसापासून तिनं चहातली साखर सोडली, मी नऊ वर्षं सांगत होतो. डोळ्याच्या डॉक्टरांकडे कधी एवढा वेळ मिळाला नाही की कोणी पेशंटला त्याचाच पडदा दाखवून बसेल, त्यांच्या बाहेर ऐंशी माणसं बसलेली असतात, त्यांची चूक नाही.

आता विश्वास ठेवायचा का मशीनवर? मी पण घरी येऊन वाचत बसलो. २०१६ मध्ये गुगलवाल्यांनी १ लाख २८ हजार १७५ फोटोंवर अशी मशीन शिकवली, ५४ डॉक्टरांनी ते फोटो तपासून दिले होते, एकेक फोटो तीन ते सात वेळा, आणि त्यातले कितीतरी फोटो आपल्याच देशातल्या अरविंद आणि शंकर नेत्रालय या डोळ्यांच्या दवाखान्यांच्या पेशंटचे होते. मग एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि उपकरणं मंजूर करणारं सरकारी खातं) पहिल्यांदा अशा मशीनला परवानगी दिली जी डॉक्टर नसतानाही शुगरमुळे पडदा खराब आहे की नाही ते सांगू शकते. म्हणजे हे सगळं कोरोनाच्या आधीचंच आहे, कोरोनानं फक्त दाखवून दिलं की याची गरज कुठे आहे. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांमध्ये फोनवर चालणारी, इंटरनेट न लागणारी मशीन लावून बघितली होती, २०१९ मध्ये छापून आलं, दोनशेच्या वर पेशंट होते, ज्यांना खरोखर डॉक्टरकडे पाठवायची गरज होती त्यातला एकही सुटला नाही, उलट ज्यांना गरज नव्हती अशा शंभरातल्या अकरा-बारा लोकांना मात्र उगाच "रेफर" सांगितलं. मला विचाराल तर हे बरं आहे, उगाच एक चक्कर झाली तर चालते.

पण त्यात एक बारकी गोष्ट आहे जी मला पडद्याच्या डॉक्टरांनी समजावली. आठ दिवसांनी आईला रामदासपेठेत घेऊन गेलो (पार्किंगला पाऊण तास, ते असो), थेंब टाकले, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) केलं. डाव्या डोळ्यात मध्यम स्टेज आणि पडद्याच्या मधोमध अगदी थोडी सूज सुरू झालेली, म्हणजे मशीन बरोबर होती. पण उजव्या डोळ्यात पण दोन-तीन ठिपके निघाले, ज्याला मशीननं ठीक म्हणलं होतं. मी म्हणलं हे काय, तर ते म्हणाले की मशीनला शिकवलंच असं आहे की मध्यम किंवा त्याच्या वरचं असेल तरच रेफर म्हणायचं, अगदी सुरुवातीचं असेल तर ती सोडून देते कारण त्यात तसंही उपचार नसते, शुगर सांभाळणे आणि वर्षानं परत बघणे एवढंच असते. म्हणजे "ठीक" याचा अर्थ "शुगरच्या पडद्यासाठी वर्षभर डॉक्टरकडे नाही गेलं तरी चालेल" असा आहे, "काहीच नाही" असा नाही. हे क्लिनिकमध्ये कोणी सांगितलं नाही आणि सांगायला पाहिजे. आईला सध्या इंजेक्शन नको म्हणाले, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९ आहे ते खाली आणा, बीपी सांभाळा, तीन महिन्यांनी परत ओसीटी.

आता तक्रारी.

पहिली, आणि मोठी. बाहेर बोर्ड लावला होता "एआयद्वारे संपूर्ण डोळे तपासणी". हे चूक आहे. ती मशीन शुगरचा पडदा बघते. डोळ्याचं प्रेशर मोजत नाही, चष्म्याचा नंबर काढत नाही, मोतीबिंदू किती पिकला ते सांगत नाही. माझ्यासमोर एक काका होते, त्यांचा रिपोर्ट ठीक आला, त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारलं की मग आता डोळ्याच्या डॉक्टरकडे जायची गरज नाही ना, आणि तो मुलगा म्हणाला "नाही काका, सगळं नॉर्मल". मी मध्ये पडलो. त्या काकांच्या मोठ्या भावाला काचबिंदू होता, हे त्यांनीच गप्पांमध्ये सांगितलं होतं! घरात काचबिंदू असलेल्या माणसाला प्रेशर तपासल्याशिवाय सगळं नॉर्मल सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि परवा गेलो तर बोर्ड बदलला होता, "मधुमेहींसाठी पडद्याची प्राथमिक तपासणी". हे त्यांचं चांगलं.

तसंच एक मावशी नातवाला घेऊन आल्या होत्या, लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शाळा झाली तेव्हापासून पोरगा टीव्हीच्या जवळ बसते म्हणून. हे पण खरंच आहे, चीनमधल्या फेईचेंगमध्ये शाळेच्या पोरांचे डोळे तपासले तेव्हा ६ वर्षांच्या मुलांमध्ये दूरचं न दिसण्याचं प्रमाण २०२० मध्ये २१.५ टक्के निघालं, त्याआधीच्या पाच वर्षांत ते ५.७ च्या वर कधी गेलं नव्हतं. पण त्याचा या मशीनशी संबंध नाही, पोराला सरळ नंबर काढायला न्या आणि रोज बाहेर खेळू द्या.

दुसरी तक्रार रिपोर्टची. अख्खा इंग्रजीत. आईच्या हातात काउंटरवरून एक कागद दिला, घडी घालून, बिलासोबत. मी नसतो तर तो कागद तिच्या पिशवीत भाजीच्या चिठ्ठीसोबत राहिला असता. आत ताईनं एवढं छान समजावलं पण बाहेर येईपर्यंत आईला फक्त "ठिपके" आठवत होतं, कुठे जायचं, किती दिवसांत जायचं, काही नाही. आणि मग आठ दिवसांत कोणाचा फोन नाही की काकू, गेल्या होत्या का दाखवायला. माझ्या मते ही सगळी तपासणी इथेच पास किंवा नापास होते. बाबांच्या वेळी मशीन नव्हती म्हणून डोळा गेला असं मी म्हणणार नाही, डोळ्याचे डॉक्टर धंतोलीत होतेच ना, उघडे पण झाले होते २०२० च्या शेवटी, पण कोणी एकदा फोन करून म्हणलं नाही की तुमची तपासणी राहिली आहे. मशीननं रेफर म्हणलं आणि माणूस गेलाच नाही, तर त्या फोटोचा उपयोग काय? मी हे पण लिहून दिलं आहे त्यांना. मराठीत दोन ओळींचा शिक्का मारा, "पडद्याच्या डॉक्टरांना दोन आठवड्यांत दाखवा", आणि एक फोन करा. डॉक्टर म्हणाले करतो. शिक्का सुरू झाला, फोनचं माहीत नाही.

तिसरं, तक्रार नाही पण विचारा म्हणून सांगतो. फोटो कुठे जातात? मी विचारलं तेव्हा ताईला नक्की सांगता आलं नाही, डॉक्टर म्हणाले की फोनमध्ये राहतात आणि नंतर कंपनीच्या सर्व्हरवर चढवतात. आईची सही कशावरच घेतली नाही. २०२३ मध्ये डेटाचा कायदा झाला आहे आपल्याकडे, पडद्याचा फोटो म्हणजे माणसाचीच माहिती आहे, एक साधा मराठी फॉर्म ठेवायला काय हरकत आहे.

कोणी विचारेल की मग डोळ्याच्या डॉक्टरकडेच सरळ काऊन नाही जायचं. जायचंच. ज्यांना जमते त्यांनी दर वर्षी थेंब टाकून तपासावं, तेच सगळ्यात चांगलं. पण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात देशात शुगरचे १० कोटींच्या वर लोक निघाले, सगळे वर्षातून एकदा डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले तर डॉक्टर पुरणार नाहीत. आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ मध्ये ४,७११ लोकांचे डोळे तपासून मोठा अभ्यास झाला होता, जगभर त्याचे पेपर गेले, म्हणजे खेड्यात जाऊन हे काम करायची सवय इथल्या लोकांना आहे. मला मनापासून वाटते की ही मशीन काटोल, उमरेड, रामटेकच्या सरकारी दवाखान्यात शुगरच्या गोळ्या वाटतात त्याच खिडकीच्या बाजूला पाहिजे. तिथल्या माणसाला धंतोलीत यायला अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते.

आणि एक, मशीन औषध सांगत नाही आणि कोणी तिच्या भरवशावर औषध देत असेल तर घेऊ नका. २०२० च्या त्या टेलिमेडिसिनच्या नियमांतच आहे की एआयनं पेशंटला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचं नाही, डॉक्टरला मदत तेवढी करायची.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो काउंटरच्या कागदासाठी, फोन सुरू झाला की तो पण देईन. ज्यांना शुगर होऊन बरीच वर्षं झाली, ज्यांची कोरोनापासून तपासणी राहिली, त्यांनी तर नक्की करा. ज्यांचा मोतीबिंदू जास्त आहे त्यांनी इथे पैसे घालवू नका, फोटो येत नाही, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. ज्यांना आत्ताच काळ्या दोऱ्या, चमका किंवा अचानक अंधारी दिसून राहिली त्यांनी पण मशीनच्या नादी लागू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जाताना जुने डोळ्याचे कागद, चष्मा आणि शेवटचा एचबीए१सीचा रिपोर्ट सोबत न्या. नाश्ता झाल्या झाल्या नंबर लावा, म्हणजे दुसऱ्या रक्ताच्या आधी फोटो होते. मशीन सोमवार, बुधवार आणि शनिवारीच असते, आणि शनिवारी साडेअकरानंतर गेलं तर त्या दिवशी नंबर लागत नाही.